खुंटीवरची बंदूक आणि सुट्टीला आलेली पोरं

प्रश्न : ताई, आमचं घर लांजा तालुक्यात, रस्त्यापासून बरंच आत. सासऱ्यांच्या नावावर शेती संरक्षणाचा परवाना आहे, ठासणीची बंदूक. वानरं आणि डुकरं काही ठेवत नाहीत म्हणून घेतलेली. ती माजघरात खुंटीला टांगलेली असते, भरलेली आहे की रिकामी ते त्यांनाच माहीत. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, नणंदेची दोन मुलं मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईहून येतात. मी विषय काढला तर सासरे म्हणतात, "आमची चार पोरं ह्याच खुंटीखाली मोठी झाली, कोणी हात लावला नाय. दम दिला की पोरं ऐकतात." मी सून, किती बोलणार? बंदूक घरात ठेवायचीच असेल तर नक्की कशी ठेवायची?
– एक वाचक, लांजा

उत्तर : ताई, तुमची भीती शंभर टक्के बरोबर आहे आणि सुनेची कटकट म्हणून ती कोणी उडवून लावू नये म्हणून जरा सविस्तरच लिहिते. सासरे म्हणतात ते त्यांच्यापुरतं खरं असेल. पण ती चार पोरं घरचीच होती, बाबांच्या मागून शेतावर जाऊन बार झाल्यावर काय होतं ते डोळ्याने बघत होती. मुंबईहून आलेल्या नातवाने बंदूक बघितलेली असते मोबाइलच्या गेममध्ये, आणि तिथे मेलेला माणूस दोन सेकंदात परत उठून पळायला लागतो.

आता दम देण्याचं. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, 2001 साली तो तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या मासिकात छापून आला. 8 ते 12 वर्षांच्या 64 मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत खेळायला सोडलं, ड्रॉवरमध्ये एक खरं पिस्तूल ठेवलेलं, अर्थात गोळी सुटणार नाही असं केलेलं, आणि आरशाआडून बघत बसले. 29 गटांपैकी 21 गटांना ते सापडलं, त्यातल्या 16 गटांनी ते हातात घेतलं आणि 10 गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. ज्या मुलांनी हात लावला किंवा चाप ओढला त्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त मुलांना बंदुकीपासून लांब राहा हे आधी कोणीतरी शिकवलेलं होतं, आणि ज्यांना ते सापडलं त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा खरं की खोटं तेच कळलं नाही. ही मुलं वाईट किंवा उद्धट नव्हती, त्या वयात हाताला चैन नसते एवढंच. म्हणून मुलांना सांगायचं तर आहेच, पण नुसत्या सांगण्यावर भरवसा ठेवून बंदूक उघडी टांगायची नाही.

ठासणीच्या बंदुकीचा एक वेगळाच धोका आहे जो काडतुसाच्या बंदुकीला नाही. काडतुसाची बंदूक नळी बिजागरीवर खाली वाकवून रिकामी करता येते, काडतूस बाहेर काढलं की संपलं. ठासणीत नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, वर बोळा ठासायचा, मग छर्रे, परत बोळा, आणि मागे निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या बारीक बोंडीवर, केप बसवायची, घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी. एकदा भरली की बार काढल्याशिवाय ती सहज रिकामी होत नाही. आणि आपल्याकडे होतं काय, माणूस रात्रभर मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, डुकराची वाट बघत बसतो, डुक्कर येत नाही, पहाटे घरी येऊन केप काढून खिशात टाकतो आणि भरलेली बंदूक तशीच खुंटीला लावतो, म्हणजे परत उद्या भरायला नको. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं धरून चालतात लोक. रिकामी नाही झाली, आतली दारू आणि छर्रे जिथल्या तिथे आहेत, आणि केपांची डबी बहुतेक घरांत त्याच खुंटीखालच्या कोनाड्यात असते.

नळीत काही आहे की नाही हे बघायची जुनी रीत आहे, सासऱ्यांना ती नक्की माहीत असेल, त्यांच्याकडूनच करून घ्या. केप काढलेली असताना, नळीच्या तोंडासमोर कोणीही न येता, बार ठासायचा गज हळूच आत सोडायचा, ठोकायचा अजिबात नाही. तो जिथे टेकेल तिथे तोंडाशी गजावर खूण करायची आणि मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. गजाचं टोक निपलपर्यंत पोचलं तर नळी रिकामी, चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार, म्हणजे दारू आणि छर्रे, आहे. मग तो घरच्या घरी खरवडून काढायच्या भानगडीत कोणी पडू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. आणि यापुढे नियमच करा की भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत येणार नाही.

रिकामी झाली की मग कुलूप. रोजच्या कपड्यांच्या गोदरेज कपाटात ठेवतात काही जण, ते मला पटत नाही, ते कपाट दिवसातून दहादा उघडतं आणि किल्ली दाराला लटकलेली असते. तालुक्याच्या ठिकाणी कुठलाही फॅब्रिकेशनवाला जाड पत्र्याची उभी अरुंद पेटी करून देतो, बंदूक उभी मावेल एवढी. ती भिंतीला आतून बोल्ट मारून पक्की करायची, घर जांभ्याचं असेल तर बोल्ट लांब घ्या, चिरा मऊ असतो. शिवाय चापाला बसणारं कुलूप मिळतं तेही लावा, पण फक्त रिकाम्या बंदुकीला, भरलेल्या बंदुकीच्या चापाशी कुलूप घेऊन खटपट करणं हाच धोका.

पेटीत बंद केली की गंज चढतो म्हणून आमची उघडीच बरी, हेही ऐकायला मिळतं. तर खाऱ्या हवेत गंज चढतो हे खरंच आहे, आणि जुलैत तर लाकूडसुद्धा फुगतं. पण त्याला उपाय आहेत ना. पेटीत सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या टाका, महिन्यातून एकदा तेलाच्या फडक्याने नळी आणि घोडा पुसून घ्या, आणि चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात गुंडाळून ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं आणि आतल्या आत गंज खातो.

दारू, छर्रे आणि केपा बंदुकीसोबत ठेवायच्या नाहीत, वेगळ्या खोलीत वेगळ्या कुलपात. दारू थोडीच आणावी, लागेल तेवढी, ज्या डब्यात आली त्यातच ठेवावी आणि तो डबा कुलपाच्या लाकडी पेटीत, चुलीपासून, समईपासून आणि लाइटच्या मीटरपासून लांब. जाड लोखंडी हवाबंद पेटीत दारू कोंडू नका, आग लागलीच तर तिचा बॉम्ब होतो. आणि कॉफीच्या किंवा मसाल्याच्या रिकाम्या डब्यात तर कधीच नाही. शेल्फवरचा काळ्या पुडीचा डबा मूल उघडून वास घेणार, आणि दिवाळी जवळ असेल तर त्याला काडी लावून बघणार.

किल्लीचं मात्र सगळीकडे तेच. देवघरात, कॅलेंडरमागे, नाहीतर तांदळाच्या डब्यात. पोरांना घरातली प्रत्येक लपवलेली वस्तू माहीत असते, लाडवांच्या डब्यासकट. किल्ली ज्याच्या नावावर परवाना त्याच्याच अंगावर हवी, करगोट्याला बांधा नाहीतर पाकिटात ठेवा, आणि दारूच्या पेटीची किल्ली त्याच जुडग्यात नको.

सासऱ्यांशी बोलायचं कसं, तर "तुमचं चुकतं" असं सुरूच करू नका. परवान्याचा विषय काढा. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना मागताना बंदूक सुरक्षित ठेवू अशी हमी लिहून द्यावी लागते, आणि 1959 च्या शस्त्र कायद्यात परवान्याची अट मोडली तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षं परवाना सांभाळला, निवडणूक आली की मुकाट्याने बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, त्याला परवाना जाईल हे बरोब्बर कळतं. दुसरं म्हणजे हे तुम्ही एकटीने बोलू नका, नणंदेला पुढे करा. मुलं तिची आहेत, आणि लेकीचा शब्द बाप सहसा मोडत नाही. "बाबा, पेटी बसेपर्यंत मी पोरांना पाठवणार नाही" एवढं एक वाक्य तिने फोनवर बोलायचं. पेटीचे पैसे तुम्ही दोघींनी मिळून द्या, म्हणजे तोही मुद्दा उरणार नाही.

मुलांना तीनच गोष्टी शिकवा, बंदूक कुठेही दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघून यायचं, आणि मोठ्या माणसाला सांगायचं. वाडीत पोरं ज्या ज्या घरी खेळायला जातात तिथेही विचारा, लाजू नका. आपल्याकडे एकाच वाडीत तीन-तीन परवाने असतात.

घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल त्यांच्यासाठी हे वेगळं लिहिते. लहान मूल चुकून हात लावतं, ह्या वयातलं मूल मुद्दाम लावू शकतं. दहावी-बारावीचा निकाल, घरातलं भांडण, कोणाशी तरी बिनसलेलं, असा एखादा वाईट तास येतो आणि तो निघून गेला की मूल परत माणसात येतं, पण त्या तासात हाताशी बंदूक नसली पाहिजे. 2005 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की बंदूक रिकामी, बंदूक कुलपात, गोळ्या वेगळ्या आणि गोळ्याही कुलपात, ह्यातल्या प्रत्येक गोष्टीबरोबर मुलांच्या आत्महत्येचा आणि अपघाताचा धोका कमी होता. घरात कोणीही, मोठं माणूससुद्धा, खचलेलं असेल, गप्प गप्प राहत असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलत असेल तर बंदूक कुलपातही नको, घराबाहेर काढा, पोलीस ठाण्याशी बोलून जमा करा किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ठेवा. आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वडील मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या नावावर बारा बोअरची एकनळी होती, ती कणकवलीच्या घरी माळ्यावर आहे, काडतुसंही असावीत. आम्ही सगळे भाऊ मुंबईला, घर बंद असतं, गणपतीत उघडतो तेव्हा पंधरा-वीस माणसं आणि पोरंबाळं असतात. बाबांची आठवण म्हणून ठेवली तर चालेल का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : नाही चालणार दादा. वडील गेले तिथे त्यांच्या परवान्याचा आधार संपला, तो वारसाकडे आपोआप येत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे अशी बंदूक विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. तुमचा एक पावसाळा उलटून गेलाय, तेव्हा गणपतीची वाट बघत बसू नका. बंदूक खांद्याला लावून एसटीने निघूही नका, आधी पोलीस ठाण्यात जाऊन मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना दाखवा, ते सांगतील तशी न्या. काडतुसं मोजून सोबत द्या, आणि माळा नीट झाडून बघा, जुन्या ट्रंकेत, धान्याच्या कणगीमागे चार-दोन पडलेली असतातच. जुनं काडतूस दिसायला निर्जीव असतं पण ते मेलेलं आहे असं धरू नका. जमा केल्याची पावती जपून ठेवा. भावांपैकी कोणाला खरंच हवी असेल तर त्याने वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करावा, बाकीच्यांची ना हरकत घेऊन. तोपर्यंत ती जमाच राहू दे.

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. तेरा वर्षांचा मुलगा वानरं हाकलायला छर्ऱ्याची एअरगन मागतोय, परवाना लागत नाही म्हणे. घेऊन देऊ का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : एकट्याने वापरायला, नको. कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही हे खरं आहे, पण परवाना नाही म्हणजे ते खेळणं झालं असं होत नाही. त्यातला छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो, आणि आंब्याच्या फांदीवर किंवा चिऱ्यावर आपटून तो उलटा येतो. शिवाय बागेत गडी फांद्यांवर चढलेले असतात, पानांत माणूस दिसत नाही. वानरावर आणि पाखरांवर छर्रे मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखालीही अडचणीत आणू शकतं, पोरगा सापडला तर निस्तरायचं तुम्हालाच. त्याला नेमबाजीचीच हौस असेल तर क्लबमध्ये घाला, तिथे डोळ्यांना चष्मा, मागे प्रशिक्षक आणि समोर कागदाचं टार्गेट असतं. वानरांसाठी कुत्रा, डबे वाजवणं आणि सकाळ-संध्याकाळ राखणीला माणूस. एअरगन आधीच घरात आली असेल तर तिलाही कुलूप, आणि छर्ऱ्यांची डबी वेगळ्या कुलपात.