दापोलीहून केंटला येण्याआधी

तुझ्या आईनं तुझा निरोप मला पाठवला. तू विचारतेस ते थोडक्यात असं: दापोलीची उद्यानविद्येची पदवी हातात आहे, सिसिंगहर्स्टची प्रसिद्ध बाग उभी करणारी इंग्रज लेखिका व्हीटा सॅकव्हिल-वेस्ट हिच्याबद्दल वाचल्यापासून बागरचनाच करायची असं ठरवलंयस, लंडनजवळच्या एका खासगी संस्थेत एक वर्षाचा गार्डन डिझाइन डिप्लोमा मिळतोय आणि बाबा कलमांच्या जमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत. तर मावशी, येऊ का? आणि हे क्षेत्र इथल्या बड्या घराण्यांचंच आहे का?

त्या डिप्लोमासाठी कर्ज काढू नकोस. इंग्लंडला मात्र ये, पण दुसऱ्या वाटेनं. मी केंटमध्ये, म्हणजे लंडनच्या आग्नेयेच्या परगण्यात, चौदा वर्षं राहते आणि त्यातली अकरा वर्षं इथल्या बागांत काम करतेय. सिसिंगहर्स्ट माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी मी तिथे जाते. म्हणून सुरुवात व्हीटापासूनच करते, कारण तिच्या आयुष्यातलं काय आपल्याला घेता येतं आणि काय नाही, हे कळलं की तुझा निर्णय सोपा होईल.

व्हीटा १८९२ साली केंटमधल्या नोल नावाच्या प्रचंड वाड्यात जन्मली. त्यात ३६५ खोल्या आहेत असं लोक सांगतात. लॉर्ड सॅकव्हिल यांची ती एकुलती एक मुलगी. पण १९२८ मध्ये वडील गेले आणि वाडा आणि किताब दोन्ही काकांकडे गेले, कारण ती मुलगी होती. हे दुःख तिला आयुष्यभर पुरलं. ते काय असतं, हे आपल्याकडच्या मुलींना वेगळं समजावून सांगायला नको.

दोन वर्षांनी, १९३० मध्ये, तिनं आणि नवरा हॅरल्ड निकल्सननं सिसिंगहर्स्ट विकत घेतलं. नावात कॅसल आहे, पण त्यांना मिळाले ते पडके अवशेष: पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला एक विटांचा मनोरा, इकडे तिकडे सुटी घरं, आणि सगळीकडे कचरा, भंगार, काटेरी झुडपं. अठराव्या शतकात तिथे फ्रेंच युद्धकैदी डांबले होते, पुढे ते गोरगरिबांचं कामगृह झालं, नंतर शेतमजूर राहिले. साफसफाईतच काही वर्षं गेली. पण करारावर सह्या व्हायच्या आधीच व्हीटानं तिथल्या साउथ कॉटेज या घराच्या भिंतीशी ‘मादाम आल्फ्रेद कारिएर’ हा पांढरा वेली गुलाब लावून टाकला होता. मला ती सगळ्यात आवडते ती या एका गोष्टीसाठी.

बागेची आखणी हॅरल्डची. सरळ रेषा, लांब दृष्टिपथ, यू आणि हॉर्नबीम या झाडांची कुंपणं घालून केलेल्या ‘खोल्या’. एकातून दुसरीत गेल्याशिवाय पुढचं दिसत नाही. लावणी व्हीटाची, आणि ती अगदी सढळ हाताची: फट दिसली की रोप लाव, वेल भिंतीवर चढव, मोकळी जागा ठेवू नकोस. या दोन स्वभावांच्या ओढाताणीतून ती बाग उभी राहिली. १९३८ पासून एक शिलिंग घेऊन ती लोकांना खुली झाली. १९४६ ते १९६१ अशी पंधरा वर्षं व्हीटानं ‘ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्रात बागेवर सदर लिहिलं. प्रसिद्ध पांढरी बाग तिनं १९४९-५० च्या हिवाळ्यात आखली, म्हणजे जागा घेतल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी! १९६२ मध्ये ती गेली, १९६७ मध्ये जागा नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेकडे, आली.

आता नीट बघ. बागकामाचं रीतसर शिक्षण तिनं घेतलंच नव्हतं. तिनं गिऱ्हाइकांसाठी नकाशे काढून पोट भरलं नाही. पैसा घराण्यातून आला आणि पुस्तकांतून, लेखांतून आला. जमीन स्वतःची, माळी पगारी, आणि एक लावणी फसली तर पुढच्या वर्षी उपटून दुसरी करायला तीस वर्षं हाताशी. हे तुला मिळणार नाही आणि मलाही मिळालं नाही. तिच्यासारखं बघायला शीक, पण तिच्यासारखं करिअर होईल असं धरून कर्ज काढू नकोस.

तुझ्या कामाची उदाहरणं त्याच बागेत आहेत आणि त्यांची नावं फारशी कुणी घेत नाही. पामेला श्वर्ट आणि सिबिल क्रॉइत्सबर्गर. या दोघी ऑक्सफर्डजवळच्या वॉटरपेरीला शिकल्या. बीट्रिक्स हॅव्हरगल यांनी मुलींसाठी चालवलेली ती शाळा, सगळा भर हातानं काम करण्यावर. दोघी स्वतःची नर्सरी काढायला जागा शोधत होत्या आणि व्हीटाला मुख्य माळी हवा होता. १९५९ मध्ये त्या सिसिंगहर्स्टला आल्या आणि १९९० पर्यंत राहिल्या. मालकीण गेली, जागा ट्रस्टची झाली, पाहुण्यांची गर्दी कैक पटींनी वाढली. वसंतात आणि जूनमध्ये बहरून मग सुस्तावणारी बाग शरद ऋतूपर्यंत फुललेली राहील असं या दोघींनी केलं. आज आपण पाहतो ती सिसिंगहर्स्ट जितकी व्हीटाची, तितकीच या दोघींची आहे असं माझं ठाम मत आहे.

हातानं शिकणं म्हणजे काय, त्याचा एक नमुना सांगते. सिसिंगहर्स्टचे जुने गुलाब हिवाळ्यात कसे बांधतात ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुंपणाशी अर्धा तास उभी होते. हेझल नावाच्या झाडाचे लवचिक फोक वाकवून त्यांची दोन्ही टोकं झुडपाभोवती जमिनीत रोवतात, गुडघाभर उंचीच्या कमानी होतात. मग गुलाबाचे लांब फोक एकेक करून खाली वाकवून त्या कमानींवर सुतळीनं बांधतात. उभ्या फांदीत सगळा जोर शेंड्याकडे जातो, फुलं फक्त टोकाला येतात. तीच फांदी आडवी केली की प्रत्येक डोळा फुटतो आणि जूनमध्ये झुडूप मुळापासून वरपर्यंत फुलांनी भरतं. माझ्यासमोरची बाई फोक वाकवण्याआधी त्यावरून अंगठा फिरवत होती, कुठे मोडेल ते चाचपत. एखादा फोक मोडलाच तर तिच्या तोंडून हळूच ‘अगं’ म्हटल्यासारखा आवाज यायचा. हे कागदावरच्या आराखड्यात शिकता येत नाही.

आणि माती. तू कोकणातल्या जांभ्यावर शिकलीस, पाणी पडलं की निचरा होतो. इथे वील्ड नावाच्या पट्ट्यातली चिकणमाती आहे. हिवाळ्यात फावडं घालशील तर ते बाहेर यायला नकार देतं, उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. माझ्या पहिल्या फेब्रुवारीत मी उत्साहानं ओला वाफा खणला, त्याच्या विटा झाल्या आणि त्या वर्षी त्यात काही नीट आलं नाही. वाफसा येईपर्यंत, म्हणजे मातीतला जादा ओलावा जाईपर्यंत, थांबायचं, हे आपल्याकडचा शेतकरी सांगतोच. पण इथला वाफसा ओळखायला मला दोन हिवाळे लागले.

आता व्हिसा, कारण तुझा निर्णय खरा यावर अडतो. अनेक खासगी डिझाइन संस्थांना विद्यार्थी व्हिसासाठी प्रायोजक होण्याचा परवानाच नसतो. परवाना असला तरी शिक्षणानंतर इथे राहून काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा विद्यापीठाच्या पदवीवर मिळतो, अशा डिप्लोमावर नाही. तो सध्या दोन वर्षांचा आहे आणि १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिन्यांचा होणार आहे. विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय चालत नाही, म्हणजे ‘शनिवार-रविवार लोकांच्या बागा करून फी काढेन’ हा तुझा हिशेब कायद्यात बसत नाही. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला, म्हणजे नोकरीसाठीच्या व्हिसाला, साधारणपणे पदवी-पातळीचं काम लागतं आणि वर्षाच्या पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा ४१,७०० पौंड झाली आहे. माळीकाम त्यात बसत नाही. मी इथे काम करू शकले ते नवऱ्याच्या व्हिसामुळे, हे तुझ्यापासून लपवणार नाही. अर्ज करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर त्या दिवसाचा नियम वाच, एजंटच्या तोंडचा नको.

म्हणून माझा सल्ला असा. लँडस्केप आर्किटेक्चरची मास्टर्स बघ, शेफील्डला, ग्रीनिचला. इतर शाखांच्या पदवीधरांना घेणारे अभ्यासक्रम आहेत आणि तुझ्या वनस्पतिज्ञानाला तिथे किंमत मिळेल, कारण आराखडे सुंदर काढणारे पण रोपं न ओळखणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्याआधी निदान एक वर्ष तिकडे भारतातच एखाद्या चांगल्या नर्सरीत काम कर. इथे आल्यावर सुट्टीच्या दिवशी बागांमध्ये जाऊन काम करणाऱ्यांचे हात बघ.

बड्या घराण्यांचं म्हणशील, तर जमीन अजून बरीच त्यांची आहे, काम त्यांचं नाही. मला त्रास झाला तो कुठल्या लॉर्डकडून नाही. एका छोट्या बागकाम कंपनीनं ‘प्रशिक्षण’ म्हणत मला चार महिने बिनपगारी राबवलं आणि मी गप्प बसले, कारण इंग्रजीत भांडता येत नव्हतं. तू गप्प बसू नकोस. पहिल्या दिवशीच पगाराचं लेखी माग.

त्या संस्थेला आज तीनच प्रश्न पाठव: विद्यार्थी व्हिसाचं प्रायोजकत्व तुम्ही देता का, हा डिप्लोमा कुठल्या विद्यापीठाचा, आणि आठवड्यातले किती तास प्रत्यक्ष बागेत? उत्तर आलं की मला पाठव, आणि तोवर बाबांना बँकेत जाऊ देऊ नकोस.