दार एस सलामला येण्याआधी न्येरेरे समजून घ्या

तुमचा प्रश्न नीट वाचला. यजमानांना दार एस सलाममध्ये नोकरी चालून आली आहे, मुलगी आठ वर्षांची आहे, आणि सासरे म्हणताहेत की आफ्रिकेतून भारतीयांना एकदा नेसत्या वस्त्रानिशी बाहेर काढलं होतं, तिथे लेकराला नेऊ नका. "टांझानियाही युगांडासारखाच ना?" हा तुमचा मुख्य प्रश्न. घर घ्यावं का, भाषा शिकावी लागेल का, हे त्याखालचे.

युगांडासारखा नाही, हे पहिलं उत्तर. पण इथल्या भारतीयांना कधी झळच लागली नाही असं कुणी सांगितलं, तर तेही मानू नका. मी इथे बरीच वर्षं राहते आहे. माझं ठाम मत आहे की या देशात कशाची खात्री बाळगायची आणि कशाची नाही, हे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे या माणसाचं आयुष्य कळल्याशिवाय कळत नाही. विमानतळाला नाव त्यांचं, हजार शिलिंगच्या नोटेवर चेहरा त्यांचा. लोक त्यांना आजही 'म्वालिमू' म्हणतात, म्हणजे गुरुजी. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

न्येरेरेंचा जन्म 1922 चा, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या बुतियामा गावातला. वडील झनाकी नावाच्या छोट्याशा जमातीचे प्रमुख होते, त्यांना बऱ्याच बायका होत्या. मुलगा बाराव्या वर्षी पहिल्यांदा शाळेत गेला. मग ताबोराची सरकारी शाळा, कंपालाचं मकेरेरे कॉलेज आणि शेवटी एडिनबरा विद्यापीठ. 1952 मध्ये परत आले आणि दारजवळच्या (दार एस सलामला इथे नुसतं 'दार' म्हणतात) पुगूला शिक्षक झाले. ते मोठ्या जमातीचे नव्हते, हे लक्षात ठेवा. टांझानियात शंभरावर जमाती आहेत आणि एकीचंही इतरांवर वर्चस्व नाही. शेजारच्या देशांत जमातीच्या नावाने रक्त सांडलं, तसं इथे झालं नाही. याचं मोठं श्रेय न्येरेरेंना आणि त्यांनी देशभर नेलेल्या स्वाहिली भाषेला आहे.

7 जुलै 1954 ला टानू हा पक्ष स्थापन झाला आणि न्येरेरे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांपुढे टांगानिकाची, म्हणजे झांझिबार जोडलं जाण्याआधीच्या या देशाची, बाजू मांडून आले. शाळेने नोकरी की राजकारण असं विचारल्यावर त्यांनी नोकरी सोडली.

आता भारतीयांचा विषय. 1958 च्या निवडणुकीसाठी इंग्रजांनी एक विचित्र पद्धत आणली होती. प्रत्येक मतदाराने तीन मतं द्यायची : एक आफ्रिकी, एक आशियाई (इथे आशियाई म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाचे) आणि एक युरोपीय उमेदवाराला. पक्षातले बरेच जण बहिष्कार टाका म्हणत होते. ताबोराच्या अधिवेशनात न्येरेरेंनी सगळ्यांना समजावलं की रिंगणात उतरू आणि आशियाई, युरोपीय जागांवरही आपल्या विचारांची माणसं निवडून आणू. तसंच झालं. त्यातून पुढे आलेले अमीर जमाल स्वतंत्र देशाचे अनेक वर्षं अर्थमंत्री होते. भारतीय वंशाच्या माणसाच्या हाती देशाची तिजोरी, तीही साठच्या दशकातल्या आफ्रिकेत!

त्याहून मोठी गोष्ट ऑक्टोबर 1961 ची. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आलेलं, आणि नागरिकत्वाच्या कायद्यावर चर्चा चालू होती. नागरिकत्व फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच द्या, असा काही सदस्यांचा आग्रह होता. न्येरेरे संतापले. कातडीच्या रंगावर नागरिकत्व ठरवायचं असेल तर माझं सरकार राजीनामा देईल, असं त्यांनी सभागृहात ठणकावलं, आणि कायदा वंशनिरपेक्षच झाला. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना आपल्याच माणसांविरुद्ध मूठभरांसाठी उभं राहणं सोपं नसतं. तुमच्या सासऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

पण पुढचीही सांगा. 5 फेब्रुवारी 1967 ला समाजवादाची घोषणा करणारा अरुषा जाहीरनामा आला आणि काही दिवसांतच बँका सरकारी झाल्या. पुढाऱ्यांनी घरं भाड्याने द्यायची नाहीत, शेअर ठेवायचे नाहीत, दोन पगार घ्यायचे नाहीत, असे नियम झाले. न्येरेरे स्वतः त्या नियमांनी जगले, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात. मग एप्रिल 1971 मध्ये इमारतींचा कायदा आला. एक लाख शिलिंगपेक्षा जास्त किमतीची आणि भाड्याने दिलेली इमारत सरकारजमा. दहा वर्षांहून जुनी असेल तर भरपाईही नाही. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. पण दारच्या मध्यवस्तीत, उपांगा आणि किसुटूमध्ये भाड्याच्या इमारती होत्या कुणाच्या? बहुतेक गुजराती, इस्माइली, बोहरा कुटुंबांच्या. दोन पिढ्यांनी दुकानात उभं राहून बांधलेलं घर एका दिवसात गेलं. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी कॅनडाला. या भागात आजही जुन्या इमारतींच्या दर्शनी भागावर मूळ मालकाचं नाव आणि बांधकामाचं साल कोरलेलं दिसतं. म्हातारी माणसं तो विषय निघाला की गप्प होतात. मला स्वतःला हा कायदा अन्यायाचा वाटतो. समतेचा हेतू मान्य केला, तरी मेहनतीने राहतं घर बांधून वरचा मजला भाड्याने देणारी विधवा आणि दहा इमारतींचा मालक यांत त्याने फारसा फरक केला नाही.

तरीही हा युगांडा नव्हे. 1972 मध्ये युगांडाचा लष्करशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा त्याला उघडपणे वंशद्वेष म्हणणाऱ्या मोजक्या आफ्रिकी नेत्यांत न्येरेरे होते. 1978 च्या अखेरीस अमीनचं सैन्य कागेरा भागात घुसलं. टांझानियाच्या सैन्याने ते परतवलं, त्याचा पाठलाग करत युगांडात शिरलं आणि एप्रिल 1979 मध्ये राजधानी कंपाला घेतली. म्हणजे ज्याच्या नावाने सासरे घाबरतात, त्याला गादीवरून खाली खेचलं ते याच देशाच्या सैन्याने. इथे लोकांची मालमत्ता गेली. पण युगांडासारखं भारतीयांना वंशावरून सरसकट देशाबाहेर काढलं नाही, सरसकट नागरिकत्व काढून घेतलं नाही. तुमच्या निर्णयासाठी हा फरक सर्वांत महत्त्वाचा.

उजामा, म्हणजे सामुदायिक शेतीची गावं, हा प्रयोग मात्र फसला. सुरुवातीला लोकांनी आपणहून यायचं होतं. 1973 नंतर लाखो कुटुंबांना सक्तीने हलवलं, काही ठिकाणी जुन्या झोपड्या जाळल्या. पीक घटलं. त्यात दुष्काळ, तेलाचे भाव, युगांडाच्या युद्धाचा खर्च. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला साबण, साखर, तेल यांसाठी रांगा लागत, हे इथल्या कुठल्याही पन्नाशीपुढच्या बाईला विचारा. दुसऱ्या बाजूला याच काळात खेडोपाडी शाळा निघाल्या आणि साक्षरता झपाट्याने वाढली.

1985 मध्ये न्येरेरेंनी राष्ट्राध्यक्षपद स्वतःहून सोडलं. नंतरच्या अली हसन म्विनींनी व्यापार खुला केला. तुमच्या यजमानांची नोकरी ज्या खासगी उद्योगात आहे, तो या बदलानंतरचाच. 14 ऑक्टोबर 1999 ला लंडनमध्ये रक्ताच्या कर्करोगाने न्येरेरेंचं निधन झालं. भारत सरकारचा पहिला गांधी शांतता पुरस्कार 1995 मध्ये त्यांनाच मिळाला होता.

सुरक्षिततेबद्दल विचारलंत, तर एक गोष्ट लपवणार नाही. 1965 मध्ये न्येरेरेंनी एकपक्षीय राज्य आणलं, आणि खटल्याशिवाय अटकेचा कायदा त्याआधीच, 1962 मध्ये केला होता. 1992 मध्ये अनेक पक्षांना परवानगी मिळाली, पण सत्ता आजवर एकाच पक्षाकडे आहे. ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीच्या वेळी दारमध्ये हिंसा झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. रोष भारतीयांवर नव्हता. तरी निवडणुकीच्या महिन्यात घरात आठवड्याचा किराणा आणि रोख पैसे ठेवा, मोर्च्याच्या आसपास फिरकू नका, राजकारणावर मोबाइलवर लिहू नका.

घराचं : विकत घेण्याचा विचार सोडून द्या. जमीन इथे कुणाच्याच पूर्ण मालकीची नसते. इंग्रजांच्या काळची कायम मालकी न्येरेरेंच्या सरकारने 1963 मध्येच मोडीत काढली. जमीन देशाची, माणसाला मिळतो तो ठरावीक मुदतीचा वापरहक्क, आणि परदेशी माणसाला तोही गुंतवणुकीच्या चौकटीतच. कुणी 'स्थानिक मित्राच्या नावावर घेऊ या' म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. भाड्याने उपांगात राहा. मंदिर, किराणा, डॉक्टर सगळं जवळ आहे. गणपतीत मराठी मंडळींची गाठ पडेलच.

भाषा शिकाच. नुसत्या इंग्रजीवर मासाकीसारख्या श्रीमंत वस्तीतल्या कॉफीच्या दुकानात भागेल, करियाकूच्या बाजारात नाही. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हणून नमस्कार करायची सवय मुलीला पहिल्या दिवसापासून लावा, मग तो वॉचमन असो की साहेब. आपल्याकडची काही मंडळी कामाच्या बाईला आणि ड्रायव्हरला ज्या सुरात बोलतात, तो सूर इथे आणू नका. 1971 मध्ये इमारतींच्या त्या कायद्याला सामान्य लोकांतून विरोध का झाला नाही, याचं निम्मं उत्तर त्या सुरात आहे, असं मला वाटतं.

शाळा : दारमध्ये सीबीएसईची शाळा आहे, मुलीचं वर्ष वाया जाणार नाही. प्रवेशासाठी आतापासूनच लिहा.

झांझिबार बेटावर फिरायला जाल तेव्हा पासपोर्ट बरोबर न्या. 1964 मध्ये न्येरेरे आणि झांझिबारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष करूमे यांनी टांगानिका आणि झांझिबार हे दोन देश जोडले, पण झांझिबारने आपलं सरकार आणि राष्ट्राध्यक्ष वेगळा ठेवला. बोटीतून उतरल्यावर परदेशी माणसाचे कागद तपासतात.

आणि कामाचा परवाना आणि रहिवासाचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. दोन्ही मंजूर झाल्याचं कंपनीकडून लेखी येईपर्यंत यजमानांनी पुण्यातला राजीनामा देऊ नये. 'आधी पर्यटक म्हणून या, मग बघू' असं म्हणणाऱ्या कंपनीला नकार द्या. करारात परतीच्या विमानभाड्याचा आणि कुटुंबाच्या वैद्यकीय विम्याचा उल्लेख आहे का ते बघा, आणि मसुदा आला की मला पाठवा, मी वाचून सांगते.