सुनेच्या ‘स्वभावा’चा प्रश्न नाही हा

समुपदेशक म्हणून माझ्याकडे आंतरजातीय जोडप्यांची पत्रं याही महिन्यात बरीच आली. गोंधळ तोच आहे: भांडण दोघांचं की समाजाचं? म्हणून काही प्रश्न इथेच घेते.

प्रश्न: नवरा समुपदेशनाला यायला तयार नाही. मी एकटी आले तर चालेल?

चालेल. या.

प्रश्न: आमच्या आंतरजातीय लग्नाला चार वर्षं झाली. सासूबाई मला देवघरात येऊ देत नाहीत, सणावाराला माझ्या माहेरच्यांना बोलावत नाहीत. नवरा म्हणतो, “तू फार मनाला लावून घेतेस.” समुपदेशनानं माझा स्वभाव बदलेल का?

स्वभाव कशाला बदलायचा? तुम्ही लिहिलंय तो भेदभाव आहे. आमच्याच क्षेत्रातले काहीजण अशा सुनेला “थोडं ॲडजस्ट करा” म्हणून घरी पाठवतात, तेव्हा मला मनापासून संताप येतो. जातीचं नाव घ्यायचंच नाही असं ठरलं, की भांडण “तू आईचंच ऐकतोस” आणि “तू हट्टी आहेस” यावरच फिरत राहतं. वर्षं निघून जातात.

मी आधी दोघांशी वेगवेगळं बोलते. देवघराचा नियम कुणी घातला, तेव्हा तुम्ही काय बोललात, हे विचारते. नवऱ्याशी बोलताना बहुतेक वेळा भीती बाहेर येते. भावकी काय म्हणेल, धाकट्या बहिणीचं लग्न अडेल का, वडील जमिनीत वाटा देतील का. ही भीती खरी असते, पण तिची किंमत बायको एकटी मोजत असते. हे त्यानं तिच्यासमोर कबूल केलं, की पुढचं बोलणं सुरू होतं: गौरी-गणपतीच्या आधी आईशी कोण बोलणार, कोणत्या शब्दांत? ते त्यानंच बोलायचं, सुनेनं नाही.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं जातधर्म न पाहता लग्नाची वाट दिली. दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला कुटुंबाची किंवा जातीची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं. पण देवघराचं दार कायदा उघडून देत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवलं. ते ओझं एकट्या सुनेनं वाहावं, असं त्यांनी कुठंही म्हटलेलं नाही. दोघं मिळून प्रशिक्षित समुपदेशकाकडे जा, आणि तो जातीचा विषय टाळत असेल तर दुसरा शोधा.

प्रश्न: नवरा मराठा, मी ओबीसी. २०२३ पासून आरक्षणावरून रोज जेवताना वाद होतो. बरोबर कोण?

ते मी ठरवणार नाही, त्यासाठी विधिमंडळ आणि न्यायालयं आहेत. तुमच्या पत्रात मला खटकला तो “तुम्ही लोक” हा शब्द. दोघांनीही तो वापरलाय. तो बंद करा, आणि ग्रुपवर आलेले मेसेज ताटावर बसून एकमेकांना वाचून दाखवणंही. मुलं ऐकत असतील तर लवकर भेटा.

प्रश्न: “सात सत्रांत नातं पूर्ववत, खात्रीशीर” अशी जाहिरात पाहिली. पैसे भरू का?

नका भरू. माणसांच्या नात्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. शिक्षण कुठलं, अनुभव किती, हे आधी विचारा. समुपदेशकाची पाटी आज कुणीही लावतो.

प्रश्न: लग्नामुळे जातपंचायतीनं आम्हाला वाळीत टाकलंय. पंच म्हणतात, दंड भरा, मिटवू. आधी समुपदेशन घ्यावं का?

आधी पोलिसांत तक्रार. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पंचांनी मागितलेला दंड भरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकिलाचा सल्ला घ्या, उद्यावर ढकलू नका.

प्रश्न: नवरा मारतो. मामा म्हणतात, दोघं एकत्र समुपदेशनाला जा.

एकत्र अजिबात नको. त्याच्यासमोर तुम्हाला खरं बोलता येणार नाही, आणि बोललात तर घरी गेल्यावर त्याचा मार खावा लागेल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. महिला हेल्पलाइन १८१ आहे, जीवाला धोका वाटला तर ११२. माझ्याकडे यायचं असेल तर एकट्या या, आणि येताय हे घरी सांगू नका.