छतातल्या चार वायरी: काळी म्हणजे न्यूट्रल असं समजू नका

तुमची पोस्ट वाचून हसू आलं, रागावू नका. जुना दिवा उतरवला, छतातून दोन लाल दोन काळ्या वायरी लोंबल्या, नव्या एलईडी फिटिंगला मात्र दोनच, आणि हिरवी कुठेच नाही; कुठली कशाला जोडू, असं विचारलंत. दहा-बारा वर्षांपूर्वी गिरगावातल्या आमच्या पागडीच्या खोलीत मी अगदी असाच स्टुलावर उभा होतो.

मेन बंद करणं वगैरे सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला कळतं.

मी काय केलं, तर लालला लाल, काळीला काळी जोडली आणि त्या दोन जोड्या दिव्याला दिल्या. दिसायला एकदम नीटनेटकं. मेन वर केला तर बटण बंद असतानाच दिवा लागला. म्हटलं, बटण उलटं बसलंय वाटतं. दाबलं. फट्ट, आणि सगळा अंधार.

झालं होतं असं की चारांतली एक लाल-काळी जोडी मीटरकडून आलेली आणि दुसरी बटणाकडे उतरलेली. या दुसऱ्या जोडीतली काळी न्यूट्रल (मीटरकडे परत जाणारी) नसतेच. लालमधून फेज (मीटरकडून येणारी वीज) खाली जातो आणि बटण दाबलं की तोच काळीतून वर येतो. मी तिला खऱ्या न्यूट्रलला बांधून ठेवलं होतं, म्हणून बटण दाबताच शॉर्ट!

वर आणखी एक. घरातल्या किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या खाचेत) कुणीतरी फ्यूज वायरऐवजी तांब्याची जाड तार पिळून ठेवलेली. ती ढिम्म राहिली आणि खालच्या मीटर रूममधला सीलवाला कटआउट, म्हणजे वीज कंपनीचा फ्यूज, गेला. शनिवारची रात्र, मे महिना. वीज कंपनीचा माणूस तासाभरात आला बिचारा, पण मीटर रूमची किल्ली इमारतीच्या ऑफिसात, आणि तिथला माणूस म्हणतो, ‘शेठना विचारल्याशिवाय नाही देणार, सोमवारी या.’ भाड्याची पावती फाडताना यांना कधी शेठ आठवत नाहीत. कंपनीचा माणूस परत गेला. आई दोन रात्री गॅलरीत सतरंजी टाकून झोपली, फ्रिजमधलं दूध फाटलं, ते वेगळंच. तेव्हा मेन वर करण्याआधी घरातली फ्यूजची तार बघून घ्या आणि मीटर रूमची किल्ली कुणाकडे असते ते आजच विचारून ठेवा.

आता तुमच्या चार वायरी. चारही सुट्या करा, मेन बंदच. मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो तो) ठेवून दोन-दोन वायरी तपासा आणि खाली कुणालातरी बटण चालू-बंद करायला सांगा. ज्या दोघींत बटणाबरोबर बीप येते-जाते, ती बटणाची जोडी. उरलेल्या दोन मीटरकडच्या. टोकं लांब-लांब ठेवून मेन वर करा आणि टेस्टरने त्यांतली फेज शोधा. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये घालून पेटतो का बघा, माझा एक मेलेला निघाला होता. मग पुन्हा मेन बंद. फेजला बटणाच्या जोडीतली कुठलीही एक जोडा, हा जोड दिव्याला द्यायचा नाही. जोडीतली दुसरी दिव्याच्या फेजला, मीटरकडची उरलेली न्यूट्रलला. बटणाकडून दिव्याला परत येणाऱ्या वायरीवर लाल टेप गुंडाळा, पुढच्या माणसाचे आशीर्वाद मिळतील. चारांहून जास्त वायरी असतील तर पुढच्या एखाद्या पॉइंटलाही लाइन गेलेली असू शकते, मग हा हिशेब लागू नाही.

हिरवी नाही म्हणजे अर्थिंग नाही, तेव्हा पत्र्याचं झुंबर नको. प्लास्टिक बॉडीची, चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्सुलेशनची खूण असलेली फिटिंग घ्या. मुंबईतल्या लोहार चाळीत भरपूर मिळतात, वायरी जोडायचे कनेक्टरही तिथूनच घ्या. नुसती टेप गुंडाळून जोड ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

मी वायरमन नाही, बँकेत आयुष्य गेलं. दिवा, पंखा, बटण आपलं आपण बदलायला नियमात सूट आहे, पण वायरिंग बदलायचं तर परवानेवालाच लागतो. वायरीवरचं रबर शेंगदाण्याच्या सालीसारखं हातात येत असेल (आमचं येत होतं, आतली तार हिरवट पडलेली) तर स्टुलावरून खाली उतरा आणि त्यालाच बोलवा. नाहीतर बीप तपासून झाल्यावर चारही वायरींना चिठ्ठ्या लावून फोटो टाका, मी रात्री नऊनंतर बघतो.