४०० मीटर धावताना शेवटच्या १०० मीटरला पाय जड होतात, ते लॅक्टिक ॲसिडमुळे का?

नाही. स्नायूतलं तयार एटीपी (पेशींना थेट ऊर्जा देणारा रेणू) जेमतेम २-३ सेकंद पुरतं. पुढे क्रिएटिन फॉस्फेट (स्नायूतलाच ऊर्जेचा राखीव साठा) ते भरून काढतं, पण पूर्ण जोरात धावलात तर साधारण १० सेकंदांत तेही बरंचसं संपतं. मग ग्लायकोजेन (स्नायूत साठवलेली साखर) ऑक्सिजनशिवाय झपाट्याने मोडलं जातं. त्या धडाक्यात हायड्रोजन आयन आणि सुटं फॉस्फेट साचतं, स्नायूचं आकुंचन कमजोर पडतं आणि पाय उचलेनासे होतात. लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड शरीरात याच रूपात असतं) उलट इंधन आहे, हृदयसुद्धा ते वापरतं! तासाभरात ते रक्तातून ओसरतं, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचं खापरही त्याच्यावर फोडू नका; तो स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचा असतो.

सरावात दोन स्प्रिंटमध्ये ३ ते ५ मिनिटं थांबा. तेवढ्यात क्रिएटिन फॉस्फेट बहुतांशी भरतं. ३० सेकंदांत पुन्हा सुटलात तर वेग पडणारच.