मोनेचा सूर्य, देब्युसीचे सहा सूर

प्रश्न : सर, मोनेची चित्रं इम्प्रेशनिस्ट, देब्युसीचं संगीत इम्प्रेशनिस्ट, आणि परवा वाचलं की काही कादंबऱ्यासुद्धा इम्प्रेशनिस्ट असतात. रंग, सूर आणि शब्द या तिघांना एकच नाव कसं चालतं? ‘धूसर, स्वप्नाळू’ एवढाच अर्थ घ्यायचा का? – एक वाचिका, कराड

उत्तर : ‘धूसर’ आधी खोडून टाका. तो समज कॅलेंडरं आणि ग्रीटिंग कार्डांनी पसरवलाय. मोने चांगला काटेकोर माणूस होता.

१८७४च्या एप्रिलमध्ये मोने, रेन्वा, देगा, पिसारो, बर्थ मोरिसो आदी मंडळींनी पॅरिसमध्ये स्वतःचं प्रदर्शन भरवलं. जागा होती नादार या फोटोग्राफरचा जुना स्टुडिओ. त्यात मोनेचं ल आव्र बंदरातल्या सूर्योदयाचं चित्र होतं. नाव ‘इम्प्रेशन, सूर्योदय’. इम्प्रेशन म्हणजे बघताक्षणी मनावर उमटलेला ठसा. लुई लरुआ नावाच्या समीक्षकाने ‘ल शारिव्हारी’ या थट्टेखोर वृत्तपत्रात त्याची टर उडवली. भिंतीला चिकटवायचा अर्धाकच्चा कागदसुद्धा या चित्रापेक्षा पुरा वाटतो, असं त्याचं म्हणणं. सगळ्या कंपूलाच त्याने ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता एक करा. हे चित्र मोबाइलवर उघडा आणि एडिटमध्ये जाऊन कृष्णधवल करा. तो नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होईल! दुसऱ्या कुणीही सूर्य आकाशापेक्षा उजळ काढला असता. मोनेने नारिंगीचा उजेड भोवतालच्या करड्या निळ्याइतकाच ठेवला. फरक फक्त रंगाचा. मार्गारेट लिव्हिंगस्टन या मेंदूवैज्ञानिक बाईंनी याचा उलगडा केला आहे. आपल्या मेंदूचा जो भाग वस्तूची जागा ठरवतो, त्याला रंग जवळपास कळत नाही, उजेड कळतो. त्याला हा सूर्य सापडत नाही, रंग ओळखणाऱ्या भागाला मात्र तो ठसठशीत दिसतो. म्हणून तो ठिपका थरथरतो. वर्गात मुलांना मी नेहमी सांगायचो, सूर्य पिवळाजर्द असतो हे विसरा, समोर काय दिसतंय ते काढा. मुलं पिवळाजर्दच काढायची. माहीत असलेलं बाजूला ठेवून दिसलेलं रंगवणं फार अवघड असतं, आणि मोनेचं सगळं काम तेवढंच आहे. रुआं या फ्रेंच शहरातल्या कॅथीड्रलची, म्हणजे मोठ्या चर्चची, तीसेक चित्रं त्याने रंगवली, तीही उजेड बदलला की कॅनव्हास बदलून. दगड तोच.

साहित्यात हे नाव मला बिनतक्रार मान्य आहे, पण ते निसर्गवर्णनामुळे नाही. जोसेफ कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ (१८९९) घ्या. कांगो नदीतून बोट चाललीय. निवेदक मार्लोला दिसतं, की बारीक बारीक काड्या हवेतून उडताहेत, नाकासमोरून जाताहेत, पायाशी पडताहेत. थोड्या वेळाने त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो : हे तर बाण! मग सुकाणूवाला कोसळतो. त्याच्या हातात लांब वेतासारखं काही दिसतं, आणि मार्लोचे पाय एकदम गरम, ओले लागतात. खाली बघतो तर रक्त, आणि तो वेत म्हणजे भाला. साधा लेखक ‘बाणांचा वर्षाव झाला’ म्हणून मोकळा झाला असता. कॉनरॅड आधी दिसू देतो, अर्थ मागाहून लागतो. मोनेच्या सूर्याचं सख्खं भावंड ते इथे आहे.

संगीताची गोष्ट वेगळी. तिथे हे नाव निव्वळ टोपणनाव आहे, असं माझं मत. १८८७ साली पॅरिसच्या कला अकादमीने विशीतल्या देब्युसीची एक रचना तपासली आणि या ‘अस्पष्ट इम्प्रेशनिझम’पासून जपून राहा, असा शेरा मारला. म्हणजे इथेही सुरुवात शिवीनेच! १९०८मध्ये आपल्या प्रकाशकाला लिहिताना देब्युसी या शब्दावर चिडलेला दिसतो. मूर्ख लोक तो वापरतात, असं त्याने लिहिलं. चिडणारच. त्याची ऊठबस मालार्मेसारख्या प्रतीकवादी, म्हणजे दिसणाऱ्या वस्तूतून न दिसणारं सुचवणाऱ्या, कवींमध्ये, आणि १८९४ची ती प्रसिद्ध बासरीने सुरू होणारी रचनाही मालार्मेच्याच कवितेवरची.

पण लोकांना त्याचं संगीत इम्प्रेशनिस्ट का वाटलं, हे पेटीवर पाच मिनिटांत कळतं. पांढरी एकचा सा धरा. सा, रे, ग या पांढरी एक, दोन, तीन; पुढे तीव्र म, कोमल ध, कोमल नी या काळी तीन, चार, पाच. वरचा सा घेऊन परत या. सहाच स्वर, आणि प्रत्येक दोघांतलं अंतर अगदी सारखं. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही. चार वेळा खालीवर केलंत की सा कुठला हेच कळेनासं होतं, सहांपैकी कुणीही सा होऊ शकतो. देब्युसीची ‘व्वाल’ ही १९०९ची पियानोरचना, मधला छोटा तुकडा सोडला तर, याच सहा स्वरांत आहे. आपल्या कानाला घर हवं असतं, ते तो देत नाही. ऐकणारे याला धुकं म्हणाले. मला यात हिशोब दिसतो, आणि तोही पक्का.

प्रश्न : मग बालकवींना इम्प्रेशनिस्ट म्हणावं का? ‘औदुंबर’मध्ये नुसते रंगच तर आहेत. – तुमचा जुना विद्यार्थी

उत्तर : आठ ओळींत हिरवा, निळासावळा, पांढरा, पुन्हा हिरवा आणि काळा. रंगपेटी उघडल्यासारखं वाटतं खरं. पण ती पांढरी पायवाट नुसती दिसत नाही, ती चालत काळ्या डोहाकडे जाते, आणि शेवटी झाड पाण्यात पाय सोडून बसतं. डोळ्यांना एवढं दिसत नाही, बाबा. बालकवींना मी देब्युसीच्या बाकावर बसवेन, मालार्मेशेजारी.