वजन बरोबर, कंबर जास्त

प्रिय,

वजन ६२, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२, म्हणून तू निर्धास्त आहेस. वडिलांना चाळिशीतच मधुमेह झाला हे तू जाता जाता, शेवटी लिहिलंस. मला मात्र तेच आधी दिसलं. आणि हातपाय बारीक असून पोट सुटलंय, हेही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के, यडकिन यांच्या ९.१! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं तपासली, तेव्हा तीही इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी भरली; स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. आपली ठेवण जन्मापासूनच अशी असते, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नकोस. पण दुर्लक्षही करू नकोस.

मांडीवरची चरबी फारशी त्रास देत नाही. आतड्यांभोवती साठलेली देते. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) थेट यकृतात जातात, तिथे चरबी साचते आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं. शिवाय जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणावर उचलतात ते स्नायू, आणि तुझ्याकडे तेच कमी आहेत.

म्हणूनच रात्रीचं जेवण बंद करायचा तुझा बेत मला अजिबात पसंत नाही. उपाशी राहून वजन उतरेल, पण त्यात स्नायूही झिजतील. त्यापेक्षा ताटातला भात कमी कर, उसळ वाढव, अंडी खात असशील तर रोज खा. चालणं चांगलंच, पण तेवढ्यावर भागणार नाही. जोर-बैठका काढ, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचल. जेवल्यावर लगेच खुर्चीत बसू नकोस, दहा मिनिटं फिरून ये.

टेप सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धर, श्वास सोडून मोज. पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडे पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटीमीटर. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) या महिन्यातच करून घे, एचबीए१सी ५.७ टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर डॉक्टरांना दाखव, घरच्या घरी काढे पिऊ नकोस.

तुझ्या बहिणीलाही कंबर मोजायला सांग. वडील तिचेही तेच, आणि बायकांसाठी मर्यादा ८० आहे.